जळकोटच्या उत्तरेचा बर्फ

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटहून सरळ उत्तरेकडे एक रेघ ओढा. जळकोट पूर्व रेखांशाच्या ७७ अंशांच्या जरा पुढे आहे. ही रेघ हिंगोली, वाशीमजवळून वर सरकते, भोपाळला बगल देऊन दिल्लीला भिडते, शिमल्यापाशी हिमालय चढते आणि काराकोरम ओलांडते. मग किर्गिझस्तानातलं इसिक-कूल सरोवर, कझाकस्तानची गवताळ मैदानं आणि सायबेरिया. सुमारे सहा हजार किलोमीटर गेल्यावर जमीन संपते आणि कारा समुद्र लागतो. वर्षातले बरेच महिने तो गोठलेला असतो. उन्हाळ्यात तिथला बर्फ किती उरतो, याचा आपल्याकडच्या सप्टेंबरातल्या पावसाशी संबंध असावा, असा निष्कर्ष गोव्यातल्या भारतीय शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला. सप्टेंबर म्हणजे जळकोट-उदगीरकडे सोयाबीन शेंगेत भरलेलं, काही ठिकाणी काढणीला आलेलं. तेव्हा हा बर्फ आपल्या शिवाराचा विषय आहे, असं धरूनच मी हे प्रकरण लिहितो आहे.

बर्फाच्या त्या मुलखात आपल्याला जहाजाने फिरायचं आहे. कारा समुद्र रशियाच्या किनाऱ्यालगतचा, तिथे प्रवासी जहाजं फारशी जात नाहीत. ती जातात त्याच्या पश्चिमेला, बॅरेंट्स समुद्राच्या पलीकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांकडे. क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यापेक्षा थोडंसंच कमी. मराठवाड्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन कोटींच्या पुढे होती. स्वालबार्डमध्ये जेमतेम तीन हजार माणसं राहतात. निम्म्याहून अधिक जमीन हिमनद्यांखाली आहे, रस्ते वस्तीच्या वेशीवर संपतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची गाडी किंवा विमान लागतं. म्हणून हा प्रदेश पाहायचा तर जहाज हवं.

हे जहाज मुंबईच्या धक्क्यावर दिसणाऱ्या, तीन-चार हजार प्रवाशांच्या आलिशान क्रूझसारखं नसतं. त्याला मोहीम-जहाज म्हणतात. शंभर-दोनशे प्रवासी, सोबत भूशास्त्र, पक्षी, हिमनद्या, इतिहास यांतले जाणकार, आणि उतरायला धक्का नसला तरी किनारा गाठता येईल अशा रबरी होड्या. स्वीडिश-अमेरिकी लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी खास या कामासाठी १९६९ मध्ये ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ नावाचं छोटं जहाज बांधून घेतलं, तिथून या प्रकारच्या प्रवासाची घडी बसली. १९८४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडचा वायव्य जलमार्ग पार करणारं ते पहिलं प्रवासी जहाज ठरलं. नोव्हेंबर २००७ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फाच्या धडकेने ते बुडालं. जवळ इतर जहाजं होती म्हणून त्यावरची सगळी माणसं वाचली. खास ध्रुवीय प्रवासासाठी बांधलेलं जहाजही बुडू शकतं, ही गोष्ट या धंद्यातला कुणी विसरत नाही. २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांत जाणाऱ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. कोणत्या बळकटीच्या जहाजाने कोणत्या बर्फात शिरावं, इथपासून बचावनौकांत काय साहित्य असावं, इथपर्यंत सगळं त्यात येतं.

प्रवास सुरू होतो लाँगइयरब्येन या गावातून. अक्षांश ७८ अंश उत्तर. जॉन लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाने १९०६ मध्ये कोळशासाठी वसवलेलं हे गाव. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. डोंगरउतारावर लाकडी बांधकामाचे मनोरे आणि कोळशाच्या बादल्या वाहून नेणाऱ्या तारमार्गाचे खांब अजून उभे आहेत. २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो तो २३ ऑगस्टच्या सुमारापर्यंत. जहाजांचा हंगाम साधारण याच काळात, मे ते सप्टेंबर. भारतातून जाणाऱ्याने एक बारकावा लक्षात ठेवावा. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण तिथली विमानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून सुटतात आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, हद्दीबाहेर आहे. एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचं असल्यामुळे शेंगेन व्हिसा दोनदा प्रवेश देणाराच हवा.

इथे लोकमान्य टिळकांची आठवण काढल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाता येत नाही. वैदिक ऋषींचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावं, असा सिद्धांत मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत पहाट दीर्घकाळ रेंगाळते, अनेक उषांचा उल्लेख येतो, हे त्यांच्या युक्तिवादाचं बीज. आज भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि हवामानाचा इतिहास यांच्या कसोटीला तो सिद्धांत उतरत नाही आणि अभ्यासक तो मान्य करत नाहीत. पण पुण्यात बसून, ध्रुवप्रदेश न पाहता, ध्रुवावरच्या उजेड-अंधाराचं गणित या माणसाने किती बारकाईने समजून घेतलं होतं, ते आजही वाचण्यासारखं आहे. जून-जुलैत जहाजावर गेलेल्या प्रवाशाला ती पहाट दिसतच नाही. सूर्य क्षितिजावर गोल फिरत राहतो, मध्यरात्री डेकवर सावल्या पडतात. लांबलेली पहाट पाहायची तर फेब्रुवारीत जावं लागतं. तेव्हा दक्षिणेचं आकाश तासन्‌तास गुलाबी असतं आणि सूर्य मात्र गावात दिसत नाही. डोंगरांआडून त्याचे पहिले किरण गावातल्या जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर ८ मार्चच्या सुमारास पडतात आणि त्या दिवशी सगळं गाव तिथे जमतं.

विमानतळाच्या वरच्या बाजूला डोंगरातून एक काँक्रीटची अरुंद पाचर बाहेर आलेली दिसते. दरवाजाच्या वर पोलाद आणि आरशांची नक्षी आहे, ती उन्हात चमकते. हा जागतिक बीजसाठा. २६ फेब्रुवारी २००८ रोजी तो सुरू झाला. प्रवाशांना आत सोडत नाहीत, बाहेरून फोटो काढून माणसं परत फिरतात. मराठवाड्यातल्या माणसाने मात्र इथे थोडं जास्त थांबावं. हैदराबादजवळच्या पटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिकं, आणि जळकोटच्या हलक्या-मुरमाड रानातलीही हीच. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून गोळा केलेल्या वाणांचा मोठा साठा तिच्याकडे आहे आणि त्याची एक प्रत स्वालबार्डच्या डोंगरात ठेवलेली आहे. भारत सरकारनेही २०१४ मध्ये तुरीचे वाण तिथे पाठवले.

बियाणं कसं ठेवतात तेही पाहू. दाणे आधी सुकवून त्यातली ओल अगदी कमी करतात. मग ते अ‍ॅल्युमिनियमचा पदर असलेल्या पाकिटात हवाबंद करतात. पाकिटं पेटीत आणि पेट्या डोंगरात शंभर मीटरांहून अधिक आत कोरलेल्या दालनांत, फळ्यांवर. तापमान उणे १८ अंश. यंत्रं बंद पडली तरी भोवतालचा खडक कायम गोठलेला असल्यामुळे आतली थंडी लगेच जात नाही. पेटी बँकेच्या लॉकरसारखी असते, ज्याने ठेवली त्यालाच उघडता येते, नॉर्वेलाही नाही. सिरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची इकार्डा ही संस्था कामातून गेली तेव्हा तिने २०१५ मध्ये इथूनच आपलं बियाणं परत मागवलं. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरलं, वाढवलं आणि दोन वर्षांनी त्यातलं ताजं बी पुन्हा स्वालबार्डला आणून ठेवलं. या साठ्याचा खरा उपयोग झाला तो पहिल्यांदा असा. पण ज्या कायम गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर ही जागा निवडली, ती जमीनच वितळू लागली आहे. २०१६ च्या शरद ऋतूत अवेळी पाऊस आणि उष्मा यांमुळे बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. बियाण्यापर्यंत ते पोहोचलं नाही, पण त्यानंतर प्रवेशमार्ग नव्याने बांधून जलरोधक करावा लागला. हलक्या रानातल्या तुरीचं बी सुरक्षित राहावं म्हणून ध्रुवाजवळ एका डोंगराचा आधार घेतला, आणि त्या डोंगराचा गारवा टिकणं आता आपल्या सगळ्यांच्या धुराड्यांवर अवलंबून आहे. मला ही गोष्ट अस्वस्थ करते.

लाँगइयरब्येनहून जहाज निघून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला वळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा ते काँग्सफ्योर्डमध्ये असतं. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने हजारो वर्षं खरवडून खोल केलेली दरी, जिच्यात पुढे समुद्र शिरला. म्हणून दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मध्ये शेकडो मीटर खोल पाणी आणि टोकाला अजून समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. या फ्योर्डच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यू-ओलेसुंद ही वस्ती आहे. इथेही आधी कोळशाची खाण होती. नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि वस्ती संशोधनासाठी राखली गेली. आज दहाच्या आसपास देशांची केंद्रं एकाच गावात आहेत. जहाज जवळ येताच प्रवाशांना मोबाइल, घड्याळ, कॅमेरा सगळ्यांचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला सांगतात. वस्तीपासून वीस किलोमीटरच्या आत रेडिओ-शांतता पाळायची, कारण इथल्या महाकाय अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसार या खगोलीय वस्तूंचे अतिक्षीण संकेत टिपून पृथ्वीच्या फिरण्यातले आणि भूखंडांच्या सरकण्यातले मिलिमीटरांचे फरक मोजतात.

वस्तीतल्या ठरवून दिलेल्या रस्त्यानेच चालायचं. बाजूच्या शेवाळी जमिनीवर पाऊल पडलं तर खूण वर्षानुवर्षं राहते. सुरय पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि घरट्याजवळ गेलेल्याच्या डोक्यावर सरळ झेप घेतात. हे चिमुकले पक्षी इथला उन्हाळा संपला की अंटार्क्टिकाला जातात आणि पुढच्या वर्षी परत येतात. गावाबाहेर एक लोखंडी मनोरा उभा आहे. ध्रुवशोधक रोआल्ड आमुंडसेन यांचं ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज मे १९२६ मध्ये त्याला बांधलेलं होतं. तिथून निघून ते ध्रुवावरून अलास्कात पोहोचलं. आणि याच गावात, इतर लाकडी घरांसारखंच एक दुमजली घर आहे, ‘हिमाद्री’. हे भारताचं.

स्वालबार्डचा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला. बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व, पण सह्या केलेल्या देशांच्या नागरिकांना तिथे समान वागणूक, असा तो करार. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून त्यात भारताचंही नाव होतं. त्या नावाचा उपयोग व्हायला सत्याऐंशी वर्षं जावी लागली. ऑगस्ट २००७ मध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली पाच शास्त्रज्ञांची पहिली भारतीय तुकडी न्यू-ओलेसुंदला गेली आणि १ जुलै २००८ रोजी हिमाद्री सुरू झालं. २०१३ मध्ये भारताला आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाचं स्थान मिळालं, २०२२ मध्ये देशाचं आर्क्टिक धोरण जाहीर झालं. या सगळ्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. अनेक वर्षं आपली माणसं फक्त उन्हाळ्यात जात. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही जाऊ लागली, आणि त्या पहिल्या हिवाळी तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता.

हिमाद्री बाहेरून पाहता येतं. पण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वस्तू दिसत नाही. ती याच फ्योर्डच्या पाण्याखाली आहे. तिचं नाव इंडआर्क. २३ जुलै २०१४ रोजी नॉर्वेच्या ‘लान्स’ या जहाजावरून ती १९२ मीटर खोल पाण्यात सोडली. तळाशी वजन, वर तरंगण्यासाठी गोळे, मध्ये ताणलेला दोर आणि दोरावर वेगवेगळ्या खोलीला बांधलेली यंत्रं. ती पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह नोंदवत राहतात. ठरल्या वेळी जहाज वर येऊन पाण्यात ध्वनीचा विशिष्ट संकेत सोडतं. तळाचा खटका उघडतो, वजन खालीच राहतं आणि गोळ्यांच्या जोरावर सगळी माळ पाण्यावर येते. नोंदी उतरवून घ्यायच्या, यंत्रं तपासायची आणि पुन्हा सोडायची. हिवाळ्याच्या संपूर्ण अंधारात, कुणी पाहायला नसताना तिथे पाणी काय करतं, हे समजण्याचा दुसरा मार्ग नाही.

तिथलं पाणी बदलतं आहे. काँग्सफ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात गोठायचा, माणसं त्यावरून चालत जायची. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचं उबदार, खारट पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रवाहातून आत घुसलं आणि तेव्हापासून फ्योर्डचा मोठा भाग हिवाळ्यातही बहुतेक उघडाच राहतो. जहाजाच्या डेकवर उभं राहून हेच पाणी सुंदर निळं-हिरवं दिसतं. त्यावर बर्फाचे तुकडे डुलत असतात आणि इंजिन बंद केलं तर त्या तुकड्यांतून सतत तडतड ऐकू येते. हिमनदीत शेकडो-हजारो वर्षं दाबाखाली अडकलेले हवेचे बुडबुडे वितळताना फुटतात, त्यांचा तो आवाज. हिमनदीच्या तोंडापासून होड्या दूर ठेवतात. कडा कोसळला की आधी तो पडताना दिसतो, मग गडगडाट येतो आणि त्यानंतर लाट. तुटलेल्या जागी आतला बर्फ गडद निळा दिसतो. दाबाने घट्ट झालेल्या बर्फात प्रकाश खोल शिरतो, लाल रंग वाटेतच शोषला जातो आणि निळा तेवढा परत येतो.

वायव्येच्या टोकाला डच देवमासे-शिकाऱ्यांचा स्मेरेनबुर्ग हा तळ होता. विलेम बॅरेंट्स यांनी १५९६ मध्ये ही बेटं पाहिली आणि पुढच्या शतकात युरोपची शिकारी जहाजं इथे दाटली. किनाऱ्यावर चरबी उकळायच्या भट्ट्यांची काळी, दगडासारखी घट्ट झालेली वर्तुळं अजून आहेत. त्या तेलावर युरोपातले दिवे जळले आणि बोहेड देवमासा या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. शेजारच्या बेटावरून १८९७ मध्ये स्वीडनचे सालोमोन आंद्रे दोन साथीदारांसह हायड्रोजनच्या फुग्यातून ध्रुवाकडे निघाले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष ईशान्येच्या एका बेटावर सापडले, सोबत कॅमेरा आणि त्यातली फिल्म. तेहतीस वर्षं बर्फात पडलेली ती फिल्म धुतली तेव्हा कोसळलेला फुगा आणि त्याच्याजवळ उभी माणसं उमटली.

८० अंश अक्षांशावर मोफेन नावाचं सपाट, गोट्यांचं बेट आहे. तिथे वॉलरस पहुडलेले असतात. दातांसाठी त्यांची इतकी कत्तल झाली होती की १९५२ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा इथे थोडेच उरले होते. आता संख्या वाढली आहे. उन्हाळ्यात या बेटावर उतरायला बंदी आहे, जहाजाने ३०० मीटर दूर राहायचं. संरक्षण दिलं की प्राणी परततात, याचा हा धडधडीत पुरावा.

आणि मग बर्फ सुरू होतो. आधी तो ढगांवर दिसतो. क्षितिजावर बर्फ असेल तर त्याच्या परावर्तनाने ढगांची खालची बाजू पांढुरकी उजळते, उघडं पाणी असेल तर काळपट दिसते. उपग्रह नव्हते तेव्हा खलाशी आकाश वाचून वाट काढत. आजचे कप्तान उपग्रहाचे नकाशे जवळ बाळगतात, तरी दुर्बीण लावून ढग पाहतातच. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं. आधी पृष्ठभागावर तेलकट साय धरते, ती घट्ट होते, लाटांनी एकमेकांवर घासून कडा वळलेल्या चकत्या होतात, त्या जुळून तक्ते होतात. गोठताना मीठ बाहेर पडतं, त्यामुळे खालचं पाणी जास्त खारट आणि जड होऊन तळाकडे जातं. महासागरांच्या खोल प्रवाहांना रेटणाऱ्या शक्तींपैकी ही एक. पहिल्या हिवाळ्यात तयार झालेला बर्फ दीड-दोन मीटर जाड होतो. उन्हाळे टिकून राहिलेला जुना बर्फ तीन-चार मीटरांपर्यंत जातो आणि तोच झपाट्याने कमी होतो आहे. वारा आणि प्रवाह या तक्त्यांना ढकलत असतात. मध्ये भेगा पडतात, त्या पाण्याच्या गल्ल्यांतून जहाज पुढे जातं. तक्ते एकमेकांवर चढले की उंचवटे उभे राहतात, तिथे थांबावं लागतं. खरं बर्फफोडं जहाज आपली गोलसर नाळ बर्फावर चढवून वजनाने तो मोडतं. मोहीम-जहाजांपैकी बहुतेकांत ते बळ नसतं, ती ढकलत, वळसे घेत जातात. आणि बर्फ जहाजाला पकडू शकतो. नॉर्वेच्या फ्रिड्टजॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं. त्याची बांधणी अशी गोल होती की दाब आला की ते चिरडलं न जाता वर उचललं जाई. तीन वर्षं बर्फाबरोबर वाहत ते स्वालबार्डजवळ मोकळं झालं. आर्क्टिकचा बर्फ एका जागी नसतो, महासागर ओलांडून वाहतो, हे त्यावरून कळलं.

या तक्त्यांवर ध्रुवीय अस्वल दिसतं. पिवळसर ठिपका, आजूबाजूच्या पांढऱ्यापेक्षा जरा मळकट. रिंग सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो, तिथे ते तासन्‌तास न हलता थांबतं. बर्फ नसेल तर ही शिकारच करता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर सक्तीचं आहे. संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही आणि उतरायला फक्त ४३ जागा नेमलेल्या आहेत. व्यावसायिकांनी या नियमांविरुद्ध आरडाओरड केली. मला ते योग्य वाटतात. चांगला फोटो दूरच्या लेन्सनेही येतो, आणि पळायला लावलेल्या अस्वलाची चरबी नाहक खर्च होते. किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येक प्रवाशाचे बूट ब्रशने घासून घेतात, तळव्यातली माती, खिशातलं गवताचं कुसळ, चिकटपट्टीतलं बी शोधून काढतात. परक्या गवताने इथे मूळ धरू नये म्हणून. गाजर गवताने आपली रानं कशी खाल्ली हे पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता कारा समुद्र आणि आपला सप्टेंबर. बर्फावर ताजं हिम असेल तर त्यावर पडलेल्या उन्हाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकला जातो. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के परत पाठवतो, बाकी उष्णता पाण्यात मुरते. म्हणून एकदा बर्फ कमी झाला की आणखी कमी होत जातो. १९७९ पासून आर्क्टिक उर्वरित जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं आहे. १९८० च्या दशकात सप्टेंबरच्या तळाला साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांच्या आसपास आला. गमावलेलं क्षेत्र अकरा महाराष्ट्रांहून मोठं.

गोव्याच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं थोडक्यात असं. उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ घटला की तिथलं उघडं पाणी वरच्या हवेला उष्णता देतं. त्याने उंचावरच्या हवेची चाल बिघडते, वायव्य युरोपवर वरच्या थरात जास्त दाबाचं क्षेत्र बळावतं आणि तिथून वाऱ्यांच्या नागमोडी लाटा आशियाच्या दिशेने पसरतात. मध्य भारतावर हवा वर उचलली जाण्यास त्या अनुकूल ठरतात. त्याच वेळी अरबी समुद्र नेहमीपेक्षा तापलेला असेल तर बाष्पाची कमतरता नसते. परिणामी मोसमाच्या अखेरीस अतिवृष्टीची शक्यता वाढते. ही शक्यता आहे, नियम नव्हे. पावसाच्या दोऱ्या अनेक आहेत: प्रशांत महासागरातला एल निनो, हिंदी महासागराचं तापमान, बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्यांनी बांध फोडले, शेतातली माती खरवडून नेली, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले. त्या एका पुराचं खापर कारा समुद्रावर फोडता येत नाही. पण अशा पावसाच्या शक्यतेचा अंदाज काही आठवडे आधी हवा असेल, तर उत्तरेचा बर्फही गणितात धरावा लागणार. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात नऊ वर्षांनी पाण्याने रानं धुऊन नेली. हा लंबक समजून घेण्यासाठी केलेलं कोणतंही काम मला दूरचं वाटत नाही.

म्हणून मला वाटतं, जळकोटच्या एखाद्या मुला-मुलीने तिकीट काढून जहाजावर जाण्याची वाट पाहू नये, कामासाठी जावं. या प्रवासाचा खर्च साध्या घराला झेपणारा नाही, पण विज्ञानाची वाट खुली आहे. गोव्याचं केंद्र देशभरातल्या विद्यापीठांकडून आणि संशोधन संस्थांकडून आर्क्टिकसाठी प्रस्ताव मागवतं. हिमनद्या, हवामान, सूक्ष्मजीव, खडक, समुद्रतळाचा गाळ, असे विषय. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे आणि लातूर जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. बारावीला भौतिक, रसायन, गणित किंवा जीवशास्त्र, मग पदवी-पदव्युत्तर, आणि ध्रुवीय विषयावर काम करणारा मार्गदर्शक गाठणं, अशी ही वाट. निवड झाली की वैद्यकीय तपासणी, मग ओस्लोमार्गे लाँगइयरब्येन, आणि तिथून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत न्यू-ओलेसुंद. वस्तीबाहेर कामाला जाण्याआधी प्रत्येक संशोधकाला अस्वलापासून बचावाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: इशाऱ्याचा बार कसा उडवायचा, रायफल कशी भरायची, आणि तिची गरजच पडू नये म्हणून कुठे उभं राहायचं.